सदर डोके कोणाचे?

नागेश भापकर सरांनी आयुष्यात एकच परीक्षण लिहिलं, आणि त्यानंतर दहा दिवस त्यांना धड जेवण गेलं नाही की धड झोप लागली नाही.

सर मूळचे लोणी भापकरचे, राहायला बारामतीत आणि शिकवायला इंदापूरला. म्हणजे सकाळी पन्नास किलोमीटर एसटीनं जायचं, आठवी ते दहावीच्या पोरांच्या गळी इंग्रजीतला कर्मणी प्रयोग उतरवायचा आणि संध्याकाळी पन्नास किलोमीटर परत यायचं. त्यात जानेवारी, म्हणजे कारखाने ऐन भरात. दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर एकदा एसटीच्या पुढं लागला, की मागं बसून उसाच्या जातीवर चर्चा करण्यापलीकडं माणसाच्या हातात काही राहत नाही. आठ वर्षं अशी चर्चा केल्यावर सरांनी संस्थेच्याच बारामतीच्या शाळेत बदली मागितली. बारामतीवाले घ्यायला तयार होते, संस्था पाठवायला तयार होती. फक्त इंदापूरच्या मुख्याध्यापकांचं ना-हरकत पत्र पाहिजे होतं. ते पत्र ऑक्टोबरपासून मुख्याध्यापकांच्या टेबलावर काचेच्या पेपरवेटखाली पडून होतं. सही सोडून त्यावर सगळं होतं. एकदा चहाचा डागही पडला होता.

मुख्याध्यापक म्हणजे शेळगावचे आबासाहेब शिंगाडे. पांढरा सदरा, पांढरी टोपी आणि चेहरा असा, की समोरच्याला आपण गैरहजर असल्यासारखं वाटावं. ती टोपी डोक्यावरून उतरलेली शाळेत कुणी पाहिली नव्हती. मागच्या वळवाला शाळेच्या दोन खोल्यांचे पत्रे उडाले, तेव्हा आबासाहेब मैदानात उभे राहून पत्रे मोजत होते आणि टोपी जागेवर होती.

आता भापकर सरांच्या एका जुन्या खोडीबद्दल सांगितलं पाहिजे. पुण्यात कॉलेजला असताना सरांचे केस खांद्यापर्यंत होते. आज यावर कुणाचा विश्वास बसत नाही, कारण पुरावा म्हणून दाखवायला केसच उरलेले नाहीत. त्या काळात सरांनी ज्या एका गोष्टीवर जीव टाकला, तिचं नाव 'सेकंड शिफ्ट'. पिंपरीच्या एका कारखान्यात दुसऱ्या पाळीला असणाऱ्या चौघांनी चाळीस वर्षांपूर्वी काढलेला हा रॉक बँड. अर्धी गाणी इंग्रजी, अर्धी मराठी आणि आवाज मात्र पुरेपूर. मधली बारा वर्षं ही मंडळी गप्प होती. आणि या जानेवारीत अचानक जाहीर झालं, की पुण्यात एका शनिवारी संध्याकाळी सगळे पुन्हा एकत्र वाजवणार. गाणारा अडुसष्ट वर्षांचा, ड्रम वाजवणारा एकाहत्तरचा. पुन्हा योग येईल याची कुणी हमी देऊ नये.

सरांनी शनिवारची किरकोळ रजा टाकली. कारण लिहिलं, आजीचे वर्षश्राद्ध.

दुपारी अर्ज परत आला. त्यावर लाल शाईत शेरा होता : 'सदर आजींचे वर्षश्राद्ध गेल्या ऑगस्टमध्ये पार पडल्याचे दप्तरी दिसून येते. शनिवारी ऑनलाइन माहिती भरणेची आहे. रजा नामंजूर.' वर शिपायानं बातमी दिली, की हेडसर स्वतः शनिवारी रजेवर आहेत, पुण्याला मानेच्या डॉक्टरकडं जाणार आहेत.

तेव्हा शनिवारी आबासाहेब पुण्यात होते, सेकंड शिफ्ट पुण्यात होतं आणि भापकर सर इंदापुरात शाळेच्या संगणकापुढं बसून सरकारी संकेतस्थळावरचं गोल फिरणारं चक्र बघत होते. संध्याकाळी साडेसहाला त्या संकेतस्थळानं विचारलं, शाळेत मुलींसाठी स्वतंत्र रॅम्प आहे काय? सरांनी 'होय' आणि 'नाही' दोन्ही दाबून पाहिलं. चक्र पुन्हा फिरायला लागलं.

रविवारी सकाळी शेजारचे युनूसभाई बागवान दारात आले. त्यांचं बारामतीत मोबाइलचं दुकान आहे, आणि त्यांची झोया पुण्याला इंजिनिअरिंगला आहे.

"सर, तुमी ज्या बँडसाठी आठवडाभर तोंड पाडून बसलायसा, तितं आमची झोया गेलती. सगळं शूटिंग केलंय बघा मोबाइलवर. यूट्यूबला टाकलंय."

सरांनी युनूसभाईंना मिठीच मारली. पत्नी श्रेयाताईंना चहा टाकायला सांगितला, टीव्हीला मोबाइल जोडला आणि मांडी घालून बसले. बावन्न मिनिटांची फीत होती. पहिल्या मिनिटात स्टेज दिसलं, निळे दिवे दिसले, पांढऱ्या दाढीचा गायक दिसला. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या मिनिटाला पडद्याच्या खालून एक डोकं वर आलं.

ते डोकं पुढची पन्नास मिनिटं खाली गेलं नाही.

गायकाच्या जागी डोकं. गिटारच्या जागी डोकं. झोयानं मोबाइल डावीकडं नेला की डोकंही डावीकडं. विरळ पांढरे केस, वर दोन भोवरे आणि मान अशी हलत होती, की मळणीयंत्राला जोडली असती तर दोन पोती ज्वारी निघाली असती.

"कोण हाय ह्यो बाबा?" युनूसभाई म्हणाले.

"कुणीही असो," सर दात खाऊन म्हणाले, "याला संगीतातलं काही कळत नाही."

इथंच हे प्रकरण संपायचं. पण मंगळवारी सावळारामचा फोन आला. सावळाराम म्हणजे 'साप्ताहिक नीराकाठ'चा संपादक, मुद्रक, वितरक आणि बातमीदार. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची अर्ध्या पानाची जाहिरात ऐनवेळी रद्द झाली होती, कारण पुढाऱ्यानं पक्ष बदलला होता आणि शुभेच्छुक अजून बदलायचे होते.

"सर, अर्धं पान मोकळं हाय. कायबी लिवा. तुमचं ते गाण्याबिण्याचं लिवा की."

माणसाला आयुष्यात कुणीतरी असं म्हणावं म्हणून तो वीस वर्षं वाट बघत असतो. सरांनी दोन तासांत परीक्षण लिहिलं. गायकाचा आवाज खाली उतरलाय पण खोल गेलाय, हे लिहिलं. ड्रमरच्या हाताला वय झालंय पण मनगटाला नाही, हे लिहिलं. आणि मग पेन त्या डोक्याकडं वळलं ते तिथून हललंच नाही. 'प्रस्तुत चित्रफितीचे खरे नायक म्हणजे अग्रभागी असलेले एक अज्ञात डोके होय,' असं सरांनी लिहिलं. 'या डोक्यास दोन भोवरे असून दोन्ही स्वतंत्रपणे फिरत असल्याचा भास होतो. "सातचा भोंगा" या गाण्यात तर सदर डोके तालापासून पूर्णतः सुटलेले दिसते. ज्या मानेवर ते बसविले आहे, तिला एव्हाना पट्टा लागला असल्यास आश्चर्य वाटावयास नको.'

हे वाक्य सरांनी श्रेयाताईंना दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा स्वतःच हसले.

वास्तविक सोमवारी आबासाहेब गळ्यात रुंद पट्टा घालून शाळेत आले होते आणि सगळी स्टाफरूम हळहळली होती. तीस वर्षं शाळेचा भार, शेवटी मानेवरच येणार, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. भापकर सरही हळहळले होते. पण या दोन गोष्टींची सरांच्या मनात गाठ पडली नाही, आणि यात त्यांचा दोष नाही. शिक्षक मुख्याध्यापकाला बघतो तो समोरून, तेही बहुतेक वेळा स्वतःच्या चपलांकडं नजर लावून. पाठमोरं आणि उघड्या डोक्याचं कोण बघतं?

गुरुवारी अंक आला. सावळारामनं मथळा दिला होता : 'पुण्याच्या जलशात अज्ञात डोक्याचा धुमाकूळ!' खाली फितीतून काढलेला डोक्याचा हातभर फोटो. त्याखाली चौकट : 'ओळखा पाहू! सदर डोके कोणाचे? ओळखणाऱ्याचा नीराकाठतर्फे सत्कार.' आणि सगळ्यांत खाली, बारीक अक्षरात, 'परीक्षण : प्रा. नागेश भापकर'. प्राध्यापकपदाची ही बढती सरांना जरा बोचली, पण फार नाही.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर सर इंदापूर स्टँडाजवळच्या जोतीरामच्या दुकानात केस कापायला बसले. होते तेवढे. जोतीरामनं गळ्याला कापड बांधलं, कात्री हातात घेतली आणि आरशात बघून हळू आवाजात म्हणाला, "सर, पेपरात आमच्या डोक्याचा फोटू आलाय."

"तुझ्या?"

"माझ्या म्हंजी, माझ्या हाताखालच्या. बावीस वरसं कापतोय. दोन भोवरं, डाव्या कानामागं लहानपनीची खोक. अंधारात हात लावून सांगीन."

"कुणाचं आहे?"

जोतीरामनं दुकानाच्या दाराकडं बघितलं. मग वाकून सरांच्या कानात सांगितलं.

सर एकदम उठायला गेले. कात्री हुकली आणि डाव्या कानावरचे जे काही होते ते गेले.

"आत्ता गं!" जोतीराम म्हणाला. "पर तुमी काळजी करू नगा. ह्ये माझ्या पोटात ऱ्हाणार. टोपीखालचं डोकं सबंध तालुक्यात दोघांनीच बघितलंय. येक मी आन् येक त्येंच्या घरच्या सारजाबाई वहिनी."

बारामतीपर्यंतच्या प्रवासात एसटीत उसाची चर्चा चालू होती. सरांना एकच शब्द ऐकू येत होता, पेपरवेट. त्या पेपरवेटखालच्या कागदावर आता सही होणं म्हणजे टोपी आपणहून उडून सरांच्या डोक्यावर बसण्यासारखं होतं. बारामतीचं राहू द्या, आता भोरच्या पलीकडं डोंगरात कुठं शाखा आहे का ते बघायला लागणार.

घरी आल्यावर सल्लामसलत सुरू झाली. आपल्याकडं माणसाला खोकला झाला तरी जिन्यात चौघं जमतात, हे तर नोकरीवरचं संकट होतं. युनूसभाईंचं म्हणणं, "सरळ सांगा, एआयनं केलंय. आजकाल कायबी झालं की लोक त्येच म्हनत्यात आन् सुटत्यात." खालच्या मजल्यावरचे निवृत्त तलाठी म्हणाले, "लेखी काही देऊ नका. तोंडीही देऊ नका. मानही हलवू नका."

"मानेचं नाव काढू नका," सर कळवळले.

श्रेयाताई मात्र शांतपणे मेथी निवडत होत्या. "अहो, सोमवारी सरळ जाऊन पाया पडा आणि चुकलं म्हणा. त्यांनी खोटं सांगितलं, तुम्हीही आजीला दुसऱ्यांदा वर पाठवलंत. फिट्टंफाट."

हा सल्ला सगळ्यांत शहाणा होता, त्यामुळं तो कुणी विचारात घेतला नाही.

आधी सरांनी झोयाला फोन लावला. फीत काढून टाक म्हणाले.

"काका, कसं काढू? एकशे बारा जणांनी बघितला होता, तुमच्या परीक्षणानं नऊ हजारांवर गेलाय. कॉमेंट वाचल्या नाहीत का? त्या डोकेवाल्या आजोबांसाठी लोक परत परत बघतायत. एक मुलगी म्हणाली, माझे आजोबा असे पाहिजे होते."

मग सरांनी सावळारामला फोनवर गाठलं. स्पर्धा बंद कर, पुढं एक अक्षर छापू नकोस, असं सांगता सांगता घाबरलेल्या माणसाच्या तोंडून निघायचं तेच निघालं, "सावळाराम, काहीही झालं तरी आमच्या हेडसरांचं नाव यात येता कामा नये."

पलीकडं सावळारामनं काहीतरी लिहून घेतल्यासारखं वाटलं.

"येनार न्हाय," सावळाराम गंभीरपणे म्हणाला. "माझ्यावर सोडा."

पुढच्या गुरुवारी पहिल्या पानावर, काळ्या चौकटीत, खुलासा आला : 'गेल्या अंकातील छायाचित्रात दिसणारे डोके इंदापूर तालुक्यातील कोणत्याही विद्यमान मुख्याध्यापकांचे नाही, याची वाचकांनी कृपया नोंद घ्यावी. – संपादक.'

तोपर्यंत लोकांना ते पुण्याच्या कुणातरी रिकामटेकड्याचं डोकं वाटत होतं. खुलासा आल्यावर सगळा तालुका मुख्याध्यापकांची डोकी बघायला लागला. शुक्रवारी मुख्याध्यापकांची सभा होती. तिथं ज्यांना टोपी घालायची सवय नव्हती असे चौघं टोपी घालून आले, आणि पूर्ण टक्कल असलेले एक सर मात्र पहिल्या रांगेत बसून सारखं मागं वळून सगळ्यांना आपलं डोकं दाखवत होते. आपल्या निर्दोषपणाचा असा पुरावा निसर्गानं दिलेला माणूस तालुक्यात दुसरा नव्हता. कुणीतरी म्हणे चहाच्या वेळी म्हणालं, जरा टोप्या काढून ग्रुप फोटो घेऊ. फोटो झाला नाही.

आणि या सगळ्यात आबासाहेब भापकर सरांना एक शब्द बोलले नाहीत. सकाळी नमस्कार केला की पट्ट्यातून जेवढी हलेल तेवढी मान हलवायचे आणि पुढं जायचे. ओरडले असते तर सर त्या दिवशी जेवले तरी असते.

सोमवारी तिसऱ्या तासाला शिपाई वर्गाच्या दारात आला. "हेडसरांनी बोलिवलंय. आत्ताच्या आत्ता."

सर गेले तेव्हा आबासाहेब खिडकीकडं तोंड करून बसले होते. मान वळत नसल्यामुळं त्यांनी खुर्चीसकट सगळं अंग सावकाश फिरवलं. त्या फिरण्याला किती वेळ लागला ते सरांना विचारा.

"दार लावा."

सरांनी दार लावलं.

"कडी."

कडीही लावली.

"संगणकावर बसा. संस्थेचं पत्र आलंय, उत्तर टाइप करायचंय." आबासाहेबांनी पत्र पुढं सरकवलं. संस्थेनं आपल्या चौदाही शाळांच्या मुख्याध्यापकांना कळवलं होतं, की 'साप्ताहिकात प्रसिद्ध झालेले डोके आपले आहे अगर कसे, याबाबतचा स्वयंस्पष्ट खुलासा तीन प्रतींत तात्काळ सादर करावा.'

सर कळपाटापुढं बसले. आबासाहेब सांगायला लागले, "विषय, डोक्याबाबत. संदर्भ, आपले पत्र. महोदय, सदर डोके..."

सरांनी 'सदर डोके' टाइप केलं आणि थांबले.

"...माझे आहे."

"सर!" भापकर सर खुर्चीतून उठले. "असं लिहू नका सर. सगळं माझ्यामुळं झालं. मला माहीत नव्हतं हो. आईशप्पथ ओळखलं नाही. ओळखलं असतं तर..."

"तर काय? चांगलं लिहिलं असतं?"

सर उभेच राहिले.

"बसा," आबासाहेब म्हणाले. "परीक्षण मी पहिल्याच दिवशी वाचलं. खाली तुमचं नाव होतं. प्राध्यापक म्हणून."

"मग इतके दिवस बोलला नाहीत?"

"काय बोलणार? रागवायचं म्हटलं तर आधी डोकं माझं म्हणून कबूल करायला लागतं." आबासाहेबांनी खण उघडला आणि नीराकाठचं कात्रण बाहेर काढलं. एका वाक्याखाली लाल शाईनं रेघ मारली होती. "माझा राग डोक्याचा नाही. डोकं आडवं आलं, मान्य. पण हे काय लिहिलंय? 'सातचा भोंगा या गाण्यात सदर डोके तालापासून पूर्णतः सुटलेले दिसते.' भापकर, मी बेताल?"

त्यांचा आवाज चढला, आणि चढताना शाळेची भाषा खाली राहिली. "आरं, पंधरा वरसं शेळगावच्या भजनात तबला वाजिवलाय म्या! त्या गाण्याचं नाव काय हाय? सातचा भोंगा! मात्रा किती हायेत? सात! रूपक हाय त्यो रूपक! तुमी चार मोजत बसलाय आन् मला बेताल म्हनताय व्हय?"

भापकर सर गांगरले. "सर, रॉकमध्ये रूपक..."

"लावा. आत्ता लावा."

शाळेच्या संगणकावर, जिथं सरकारी चक्र फिरायचं त्याच पडद्यावर, झोयाची फीत सुरू झाली. आबासाहेबांनी टेबलावर बोटं ठेवली. "तीं, तीं, ना, धी, ना, धी, ना. मोजा माझ्याबरोबर." सर चार मोजत होते, आणि दुसऱ्या ओळीला गाणं त्यांच्या हातून निसटून पुढं गेलं. मग ते सात मोजायला लागले. आणि काय सांगावं, सगळं जागेवर येऊन बसलं. ड्रम बसला, गिटार बसली, आणि पडद्याच्या मधोमध ते दोन भोवऱ्यांचं डोकं बरोब्बर समेवर खाली येत होतं. एकदा नाही, प्रत्येक आवर्तनाला. हजारभर लोकांत त्या एकट्याचं बरोबर होतं.

वीस वर्षं सरांनी हे गाणं चारात ऐकलं होतं.

शिपाई चहा घेऊन आला. कडी काढून त्याला आत घ्यावं लागलं. टेबल बडवणारे हेडसर, टेबल बडवणारे भापकर सर आणि पडद्यावरचा गोंधळ बघून त्यानं कप ठेवले, आणि विचारलं नसताना दार बाहेरून ओढून घेतलं.

गाणं संपल्यावर सर म्हणाले, "चुकलं सर. तुम्ही तालात होता. मी पुढच्या अंकात दुरुस्ती देतो."

"नको!" आबासाहेब ओरडले, आणि पट्ट्यात मान लचकल्यामुळं कळवळले. "त्या सावळारामाच्या पेपरात आता काही देऊ नका. खुलासा तर अजिबात नको."

मग चहा पिता पिता आबासाहेबांनी सगळं सांगितलं. डॉक्टर खराच होता. सकाळी अकराची वेळ खरी होती, चिठ्ठी खरी होती. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, विशेष काही नाही, फक्त पंधरा दिवस मान हलवू नका. "तवा वाजलं होतं बारा. कार्यक्रम सातला. मधल्या सात तासांत मी लई इचार केला, भापकर. पर त्येंची पयली कॅसेट मी डी.एड.ला असताना घेतली होती. गावात कुनाला ऐकवायची सोय न्हवती. तबलजीनं असलं ऐकावं? म्हनून आजवर कुनाला बोललोच न्हाय. आन् शेवटी टोपी पिशवीत घातली आन् गेलो."

"आणि हा पट्टा?"

"त्यो दुसऱ्या दिवशीचा. मान धरली ती सुटंना."

"वहिनींना कळलं?"

"खुलासा वाचून कळलं. बसली मोबाइल घेऊन. सगळी बावन्न मिन्टं बघितली. मला वाटलं, आता हिथं भूकंप. तर म्हनली, नाचायचंच हुतं तर त्या मागच्या पोरीच्या म्होरनं तरी सरकायचं. बिचारीला कायबी दिसंना."

भापकर सरांना हसू आवरेना. आबासाहेबही हसले, पण खांद्यांनी, कारण मानेला परवानगी नव्हती. आठ वर्षांत त्यांना हसताना सर पहिल्यांदा बघत होते.

मग पत्र पुरं झालं. सदर डोके माझे आहे. सदर दिवशी मी रीतसर मंजूर रजेवर होतो. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे. सायंकाळी सातनंतर मी स्वखर्चाने गाणे ऐकले. तीन प्रती निघाल्या, एक ईमेलनं गेली. तासाभरानं संस्थेच्या कार्यालयातून फोन आला. आबासाहेबांनी तो स्पीकरवर ठेवला, कारण कानाला लावायला मान वाकवावी लागली असती.

"शिंगाडे सर, तेरा जनांनी 'न्हाय' म्हनून कळिवलंय," तिकडचे हेडक्लार्क म्हणत होते. "तुमचं येकट्याचं 'व्हय' आलं. लई बरं झालं बगा. चौदाव्यानंबी न्हाय म्हटलं असतं तर आमाला अजून येक पत्र काढायला लागलं असतं. फाईल बंद केली."

"एवढंच?"

"एवढंच. मान कशी हाय?"

फोन ठेवल्यावर दोघांनीही दहा दिवस छातीत धरून ठेवलेला श्वास सोडला, तो टेबलावरच्या कागदांना जाणवला असावा. आबासाहेबांनी पेपरवेट उचललं. ना-हरकत पत्र बाहेर काढलं, चहाचा डाग अंगठ्यानं पुसून पाहिला आणि पेनचं टोपण काढलं.

"हे मी दाबून ठेवलं होतं, खोटं कशाला बोलू? तुम्ही गेल्यावर ती ऑनलाइन माहिती भरणार कोण, या स्वार्थापायी. तुमच्या रोजच्या शंभर किलोमीटरचा विचार मी केला नाही." त्यांनी सही केली, खाली तारीख टाकली, शिक्का मारला. मग कागद हातात धरूनच म्हणाले, "आठ वर्षं आपण याच इमारतीत बसलो, भापकर. खडू आणि हजेरी याशिवाय एक शब्द बोललो नाही. आणि आता बोलायला लागलो तर तुम्ही निघालात."

"जूनपर्यंत आहे की सर मी," भापकर सर म्हणाले. "पाच महिने आहेत."

"मग उद्या मधल्या सुट्टीत या. पहिल्या कॅसेटमध्ये एक झपताल आहे. तुम्ही तोही चारात मोजत असणार."

सर शाळेतून बाहेर पडले तेव्हा त्यांना एकदम लक्षात आलं, की आपल्याला भूक लागली आहे. साधी नव्हे, दहा दिवसांची साठलेली. स्टँडावरच्या हॉटेलात त्यांनी दोन मिसळी खाल्ल्या, वर एक भजीची प्लेट, आणि वाढणाऱ्याला विनाकारण "सावकाश आण, घाई नाही" असं तीनदा सांगितलं. गाडी लागलीच होती. खिडकीची जागा मिळाली. निमगाव केतकीच्या पुढं उसाचा ट्रॅक्टर आडवा आला, दोन ट्रॉल्यांचा, आणि गाडी बैलगाडीच्या चालीनं त्याच्या मागं चालू लागली. शेजारचे पागोटेवाले आजोबा म्हणाले, "ऊस शहाऐंशी बत्तीस जातीचा दिसतोय." सर म्हणाले, "असंल, असंल," आणि मान खिडकीला टेकवली.

जाग आली ती कंडक्टर खांदा हलवत होता तेव्हा. गाडी रिकामी झाली होती. बाहेर दिवेलागण झाली होती आणि झोपेच्या डोळ्यांना ओळखीचं काहीच दिसत नव्हतं.

"साहेब, बारामतीचं तिकीट ना तुमचं? मोरगाव आलं. बारामतीत दोनदा हाक मारली. असं घोरत हुता, की उठवायचं मन हुईना."

खिशातला फोन वाजत होता. श्रेयाताई होत्या.

"अहो, आठ वाजत आले. आहात कुठं?"

"मोरगावात."

"मोरगावात? तिथं काय करताय?"

"झोप लागली गं," भापकर सर म्हणाले.

रात्र रात्र कूस बदलणारा हा माणूस श्रेयाताईंनी दहा दिवस बघितला होता. मग त्या हसायला लागल्या आणि त्यांना थांबवेना.

"सही झाली?"

"झाली."

"मग पुढच्या गाडीनं या. आणि या गाडीत झोपू नका, नाहीतर परत इंदापूरला जाल."